मांजर आपली, पिंजरा रानातल्याला?

गेल्या महिन्यात आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये, मारुतीच्या मंदिरासमोर बैठक भरली. विषय एकच होता : दीड महिन्यात पाच मांजरी गेल्या. जळगावच्या गिरणा नदीकडच्या अंगाला वाढलेली ही वस्ती. शेवटच्या गल्लीनंतर नाला, नाल्याकाठी वेड्या बाभळीचं रान आणि पलीकडे केळीचे मळे. अर्ध्या तासात बैठकीत दोन तट पडले. एक तट म्हणाला, बिबट्या आलाय, वन खात्याला अर्ज द्या, पिंजरा लावून घ्या. दुसरा म्हणाला, गेल्या तर बरंच झालं, अंगणातली बुलबुलांची पिल्लं याच मांजरींनी संपवली, उरलेल्याही पोत्यात घालून लांब सोडून या. दोन्हीकडचा आवाज चढत गेला. पण रात्री अकरा वाजता त्या मांजरी बाहेर कशासाठी होत्या, हे दोन तासांत एकानेही विचारलं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. ज्या मांजरीला आपण हाक मारायला नाव दिलं, दूध घातलं, ती दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत घरात असली पाहिजे. तिची नसबंदी आणि लसीकरण ही आपली जबाबदारी आहे. आणि रानातलं जनावर माणसावर चालून येत नाही तोवर त्याला जागचं हलवायचं नाही. हा दोन्ही तटांना खूश ठेवणारा मधला मार्ग नाही, कारण दोन्ही तट एकच चूक करताहेत. एकाला बिबट्या गुन्हेगार वाटतो, दुसऱ्याला मांजर. जे जनावर आपल्या स्वभावाप्रमाणे वागलं त्याच्यावर खटला, आणि ज्याला विचार करता येतो तो माणूस मात्र फिर्यादीच्या जागी.

गेलेल्या पाचांतली एक माझी होती. सोनी, चार वर्षांची, पांढऱ्यावर पिवळे डाग. रोज रात्री जेवणं आटोपली की दूधभाताची वाटी मी ओट्यावर ठेवायची आणि दार लावून घ्यायची. सकाळी वाटी चाटूनपुसून लख्ख असायची. त्या दिवशी भात तसाच होता, वर मुंग्यांची रांग लागली होती. नाल्याकडे गेले. केळीच्या बांधाला ठिबकची नळी गळून काळी माती भिजली होती, तिच्यात पायांचे ठसे होते. नखांची खूण नव्हती, म्हणजे कुत्रा नव्हे. रुंदी माझी जेमतेम तीन बोटं, म्हणजे बिबट्याही नव्हे, रानमांजर. पुढे दहा पावलांवर पिवळ्या-पांढऱ्या केसांचा पुंजका पडला होता. तो मुठीत धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. त्या क्षणी कोणी पिंजऱ्याचा अर्ज पुढे केला असता तर न वाचता सही केली असती, म्हणून सही करणाऱ्यांचा राग मला कळतो. घरी येऊन तीच वाटी घासायला घेतली तेव्हा मनात आलं, ही बाहेर ठेवली कोणी?

ठसा रानमांजराचा होता म्हणून मांजर त्यानेच नेली असंही होत नाही. त्याच नाल्यात रात्री सात-आठ कुत्र्यांची टोळी फिरते. पशुवैद्यकाच्या दारात मी ज्या जखमी मांजरी पाहिल्या त्या बहुतेक कुत्र्यांनी फाडलेल्या, नाहीतर गाडीखाली आलेल्या होत्या. बैठकीत ना कुत्र्यांचं नाव निघालं ना गाड्यांचं. बिबट्याचं निघालं, कारण त्याच्यावर अर्ज करता येतो.

बिबट्याची भीती खोटी आहे असं मी कधीच म्हणणार नाही. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या परिसरातल्या गावांनी जे भोगलं ते खान्देशात कोणी विसरलेलं नाही. माणसं गेली, गावंच्या गावं संध्याकाळी दार लावून बसू लागली, कापूस वेचायला मजूर मिळेनात, आणि डिसेंबरात त्या बिबट्याला गोळी घालावी लागली. ती घालायलाच हवी होती. ज्या आईचं लेकरू गेलं तिच्यापुढे निसर्गाच्या समतोलाच्या गोष्टी करणारा माणूस मला निर्दय वाटतो. पण माणसावर हल्ले करणारा एक ठरावीक बिबट्या आणि केळीच्या मळ्यातून रात्री मुकाट्याने जाणारा कुठलाही बिबट्या, या दोघांना एका मापाने मोजायचं का? आमच्या नाल्यात तर कोणी बिबट्या डोळ्यांनी पाहिलेलाही नाही. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला पकडायला राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. लोकांना ही सरकारी अडवणूक वाटते. तिच्यामागे काय अनुभव आहे हे जुन्नरला विचारावं.

जुन्नर वन विभागात २००१ नंतर मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडले गेले आणि दुसरीकडे नेऊन सोडले गेले. गाव निर्धास्त होईल असा हिशेब होता. झालं उलटं. त्याआधीच्या वर्षांत माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते पुढच्या दोन-तीन वर्षांत सरासरी १७ वर गेले. कारण समजायला अवघड नाही. आपला मुलूख असलेल्या बिबट्याला तिथल्या वाटा, कुत्री, दिवे, माणसांच्या वेळा पाठ असतात, तो अंग चोरून जगतो. त्याला उचलून अनोळखी ठिकाणी टाकलं की तो बिथरतो, आणि इकडे त्याची रिकामी जागा भरायला नवखा येतो. पिंजऱ्यात बिबट्या सापडला की गर्दी जमते, फोटो निघतात, आणि त्या रात्री लोक पोरांना अंगणात जास्त मोकळं सोडतात. खरी जोखीम तिथेच सुरू होते.

बिबट्या वस्तीकडे येतो तो काय खायला? नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात, बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता. पोटात गेलेल्या भक्ष्यातलं, वजनाच्या हिशेबाने, ८७ टक्के गावातली जनावरं होती; त्यांत कुत्री ३९ टक्के, शेळ्या ११ टक्के आणि मांजरी १५ टक्के. म्हणजे शेळीपेक्षा मांजर जास्त! तिथे ऊस, इथे केळी. आडोसा दोन्हींचा सारखाच. मग जो माणूस हातात अर्ज घेऊन म्हणतो की बिबट्या दाराशी येतोय, त्याच्याच ओट्यावर रात्री दूधभाताची वाटी आणि तिच्याभोवती चार मांजरी असतील, तर बिबट्याला दारापर्यंतची वाट कोणी दाखवली? नाल्यात चिकनच्या दुकानांचा कचरा पडतो, त्यावर कुत्री पोसतात. ओट्यावर वाट्या मांडल्या जातात, त्यावर मांजरी. ज्या ओट्यावर रात्री मांजर बसते त्याच ओट्यावर संध्याकाळी आपली नातवंडं खेळतात. मांजर आत घेणं हा मांजरीपुरता प्रश्न राहत नाही तो यामुळे.

शिकारी जनावरं संपवून बिनघोर व्हायचा प्रयोग खान्देशाने एकदा केलेला आहे. १८२५ साली इथे भिल्ल पलटण उभारणारा इंग्रज अधिकारी जेम्स आउटरॅम दहा वर्षांत १९१ वाघांच्या शिकारीत स्वतः हजर होता अशी नोंद आहे. एका माणसासमोर, एका मुलखात! तेव्हा हे काम लोककल्याणाचंच मानलं गेलं, आणि ज्यांची गुरं रोज जात होती त्यांना तसं वाटलं यात नवल नाही. पण आज यावल अभयारण्यात वाघाचा ठसा मिळाला तर वर्तमानपत्रात बातमी होते, आणि रात्रीतून मका आडवा करणाऱ्या, भुईमूग उकरणाऱ्या रानडुकरांपुढे तोच शेतकरी फटाके फोडत जागा असतो. डुकराला खाणारं आपण शिल्लक ठेवलं किती? दुसरी आठवण जास्त जवळची आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर कोणाला मिळालं नव्हतं, जगाने ते नामशेष धरलं होतं. ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, ते पुन्हा दिसलं ते आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला. एवढी वर्षं आपल्या शेजारी एक शिकारी पक्षी राहत होता आणि आपल्याला पत्ता नव्हता. आपल्या नाल्यात कोण राहतं हे आपल्याला ठाऊक आहे, असं छातीठोकपणे म्हणणाऱ्यांनी शहादा आठवावं.

आता दुसऱ्या तटाकडे वळते. मांजरी पाखरं मारतात, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. सोनीने माझ्या डोळ्यांदेखत बुलबुलाचं उडायला शिकणारं पिल्लू धरलं होतं, आणि आई-बाप दोन दिवस जास्वंदीवर ओरडत होते. अमेरिकेत मोकळ्या मांजरी वर्षाला १.३ ते ४ अब्ज पक्षी मारतात असा अंदाज २०१३ साली मांडला गेला. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर १८९४ मध्ये दीपगृह सुरू झालं, त्याबरोबर मांजर आली, आणि न उडणारा एक चिमुकला पक्षी वर्षभरात जगातूनच गेला. दीपगृहवाल्याच्या एकाच मांजरीने तो संपवला असं सांगतात, खरं तर तिच्या पोटी वाढलेल्या अनेक मांजरींनी मिळून. ही उदाहरणं गंभीर आहेत. पण ती जशीच्या तशी जळगावात आणून चिकटवता येत नाहीत. त्या बेटावरच्या पक्ष्याने मांजरीसारखं जनावर कधी पाहिलंच नव्हतं. आपली पाखरं रानमांजर, मुंगूस, उदमांजर, धामण यांच्यात हजारो वर्षं वाढली आहेत. आणि अमेरिकेच्या त्या आकड्यातला मोठा वाटा बेवारस मांजरींचा आहे.

मग आपल्याकडे बिघडतं कुठे? बिघडतं ते संख्येत. रानमांजराची संख्या उंदीर ठरवतो. उंदीर घटले की पिल्लं जगत नाहीत, जनावरं पांगतात, शिकारीचा ताण आपोआप उतरतो. आपल्या मांजरींची संख्या ठरवते आपली वाटी. उंदीर असोत नसोत, पाखरं उरोत न उरोत, दूधभात रोज येतो. मांजर पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते, वर्षात दोन-तीनदा विते. पोट भरलेलं असलं तरी तिची शिकार सुटत नाही, कारण शिकार तिच्या अंगात आहे, भूक असो वा नसो. रानातल्या कुठल्याही शिकाऱ्याला ही सवलत नाही. म्हणून मांजर दुष्ट ठरवायची गरज नाही; वाटीबरोबर येणारी नसबंदी आपण विसरलो, एवढंच मान्य करायचं आहे.

आणि पोत्यात घालून सोडून येणं? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जनावराचे उपासमारीने हाल होतील अशा स्थितीत त्याला टाकून देणं हा गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी हे रानावर उपकार करणं नव्हेच. सोडलेली मांजर मेली नाही तर रानाच्या कडेला राहते, रानमांजराशी तिचा संकर होऊ शकतो, आणि तिच्याबरोबर घरगुती रोग रानात जातात. गीरमध्ये २०१८ साली काही आठवड्यांत २३ सिंह दगावले, त्यांतल्या काहींमध्ये कॅनाइन डिस्टेंपर सापडला. आपल्याकडे कुत्र्यांच्या लशींमुळे नाव माहीत असलेला रोग, आणि बळी पडले ते सिंह. लस न टोचलेली मांजर अशीच रोगाची पिशवी घेऊन फिरते.

उंदरांचा मुद्दा मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. ज्याच्या घरात ज्वारी-दादरची पोती आहेत, ज्याचं कापूस ठेवायचं एकच खण आहे, त्याला मांजर ही हौस नसते, ती घरातली कामकरी असते. ते मी शंभर टक्के मान्य करते. म्हणूनच म्हणते, तिला घरात ठेवा. पोती घरात आहेत, उंदीर रात्री पोत्यांपाशी येतो, आणि मांजर त्याच वेळी नाल्यात! मोकळी मांजर वस्तीचे उंदीर आटोक्यात ठेवते हा समज तर फारसा टिकत नाही. न्यूयॉर्कमधल्या एका कचरा-प्रक्रिया केंद्रात ७९ दिवस कॅमेरे लावून पाहिलं; उंदरांची भली मोठी वसाहत समोर असताना मांजरींनी त्या सगळ्या काळात दोन उंदीर मारले. तिथले उंदीर थोराड, आपल्याकडच्या घुशीसारखे. मांजर त्यांच्या वाटेला सहसा जात नाही. चिमणी, सरडा, खार सोपी पडते. आणि रानमांजर? राजस्थानातल्या सरिस्कामध्ये एका रानमांजराला दिवसाला तीन ते पाच उंदीर लागतात असा हिशेब निघाला होता, वर्षाचे हजाराच्या वर. केळी आणि मक्याच्या शेतात पगार न घेता काम करणारा हा गडी आहे, आणि त्याच्याच नाल्यात पिंजरा लावायला आपण अर्ज लिहितोय. १८७२ साली जमैकाच्या ऊसमळेवाल्यांनी उंदरांसाठी आपल्या देशातून मुंगसं नेली होती. त्यांनी उंदीर खाल्ले, मग जमिनीवर अंडी घालणारी पाखरं आणि सरपटणारे प्राणी खाल्ले. ज्याच्या ठिकाणी जो शिकारी घडला तो तिथे ठेवणं किती स्वस्त पडतं, हे त्या बेटाला उशिरा कळलं.

“मांजर कोंडून घालणं म्हणजे पाप,” असं बैठकीत एक काकू कळवळून म्हणाल्या. त्यांचा कळवळा खरा होता. मांजर फिरस्ती जात, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, माणसंसुद्धा गच्चीवर झोपतात. मांजरीला बंद खोलीत कसं ठेवायचं? दिवसा मोकळी सोडायला माझी हरकत नाही, मी रात्रीबद्दल बोलतेय. खिडकीला जाळी, कोपऱ्यात वाळूचं घमेलं, पाण्याचं भांडं, एवढ्यात रात्र निभते. युक्ती वेळेत आहे. जेवण सकाळी देऊ नये, दिवेलागणीला द्यावं, आणि दाराच्या आत द्यावं. आठ-दहा दिवसांत मांजर स्वतःच त्या वेळेला उंबऱ्याशी येऊन बसते. कुठलंही स्वातंत्र्य नाल्यातल्या कुत्र्यांच्या टोळीपुढे किती वेळ टिकतं, हे मी त्या केसांच्या पुंजक्यात पाहिलंय.

खरं म्हणजे यात नवीन काय आहे? आपल्याकडे कोंबड्या संध्याकाळी डालग्याखाली जातात, शेळ्या वाड्यात, वासरू गोठ्यात. डालगं उघडं राहून कोल्ह्याने कोंबडी नेली तर घरातली म्हातारी आधी सुनेला विचारते, डालगं झाकलं होतं का? कोल्ह्यावर कोणी अर्ज करत नाही. साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ उघड्या माळावर मुक्काम टाकतात, तरी मेंढ्यांभोवती वाघराची जाळी, चार बाजूंना कुत्री आणि रात्रभर एक माणूस जागा. लांडगा आसपास आहे हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं. सातपुड्यातले आदिवासी तर वाघदेव पुजतात; ज्याची भीती आहे त्याच्याशी करार करतात, तू तुझ्या हद्दीत, आम्ही आमच्या. मांजरच तेवढी आपण या रीतीतून वगळली, कारण ती दूध देत नाही, अंडी देत नाही, गेली तर पैशाचं नुकसान नाही. शेजारच्या आजी चाळीसगावकडच्या. मी सोनीचं सांगितल्यावर त्यांनी बिबट्याबद्दल एक शब्द काढला नाही. एवढंच म्हणाल्या, “रातले मांजर घरमा लई घेवानी ना, बाई.” म्हणजे, रात्री मांजर घरात घ्यायची ना.

खर्चाची अडचण उरते, आणि ती खरी आहे. मांजरीची नसबंदी खासगी दवाखान्यात करायची तर हातावर पोट असलेल्या घराला ते जमणार नाही, आणि नाल्याकाठच्या झोपड्यांत दार लावून घ्यायला धड दार तरी कुठे आहे? त्यांच्यावर बोट दाखवणं मला मान्य नाही. पण आमच्या गल्लीत दरवर्षी गणपतीला घरटी वर्गणी निघते, भंडाऱ्याला निघते. त्यातला थोडा वाटा वेगळा काढला तर नाल्यापासून मेन रोडपर्यंतच्या मांजरी एका हिवाळ्यात आटोपतील, कोणाची मांजर हे न विचारता.

पिंजऱ्याच्या अर्जावर त्रेचाळीस सह्या झाल्या आहेत. माझी त्यात नाही. मी दुसरा अर्ज लिहिला आहे, महापालिकेच्या नावाने : नाल्यातला चिकनचा कचरा रोज उचलावा, शेवटच्या गल्लीतले बंद पडलेले तीन दिवे सुरू करावेत, आणि कुत्र्यामांजरांच्या नसबंदी-लसीकरणाचं शिबिर आमच्या ओपन स्पेसमध्ये भरवावं, जागा आणि चहापाणी आमचं. त्याखाली कॉलनीसाठी एक ओळ आहे, की सही करणाऱ्याने रात्री ओट्यावर वाटी ठेवायची नाही. त्या ओळीपाशी बरेच जण थबकतात, पेन परत देतात. आजवर अकरा सह्या झाल्या, त्यातला एक अंगठा आजींचा. रविवारी संध्याकाळी मी हा अर्ज घेऊन पुन्हा मंदिरासमोर बसणार आहे.